‘सोयाबीनवर देतो’ : बारा लाखांचं दुकान एक वर्ष पुढे ढकलल्याचं प्रकरण

२०२४ च्या दिवाळीत, भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी, माझा एक जुना मित्र धाकट्या मुलाला घेऊन लातूरला घरी आला. फराळाचं ताट पुढे आलं तरी मुलाचा हात मांडीवरच्या प्लास्टिकच्या फोल्डरवरून निघेना. फोल्डरमध्ये कृषी सेवा केंद्राचा बारा लाखांचा प्रोजेक्ट रिपोर्ट होता. तालुक्याच्या एका झेरॉक्सवाल्याने दीड हजारात करून दिलेला. चौथ्या पानावर खर्चात ‘जनावरांचा विमा’ अशी ओळ होती. आधीच्या कुणाच्या तरी गोठ्याच्या रिपोर्टवरच नाव बदललं होतं.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ शेतीकर्जाच्या टेबलावर. निवृत्त झालो तरी अशी फोल्डरं घरी येतात. आणणाऱ्याला बहुतेक वेळा सल्ला नको असतो, साहेबाला फोन हवा असतो. या वेळी मात्र मुलाने स्वतःच विचारलं, “काका, नोकरी बघू का दुकान टाकू? एकच सांगा.” मी एकच सांगितलं नाही. पुढच्या वर्षभरात जे झालं ते घरच्यांना विचारून लिहितो आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. मित्राला मुलगे दोन. थोरला शेती बघतो. ज्याची ही गोष्ट, त्याला धाकटाच म्हणू.

धाकटा तेव्हा २९ वर्षांचा. निलंगा तालुक्यातलं गाव, सात एकर शेती. २०१७ मध्ये बी.एस्सी. ॲग्री झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वर्गातल्या निम्म्या मुलांसारखा पुण्याला गेला, एमपीएससीला. सदाशिव पेठेत खोली, नवी पेठेत अभ्यासिका. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचला. २०२१ च्या मार्चमध्ये १४ तारखेची परीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली तेव्हा शास्त्री रस्त्यावर बसलेल्या मुलांत हाही होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पूर्वपरीक्षा लांबली, त्यानंतर सप्टेंबरअखेरीस त्याने खोली सोडली. कुणी हाकललं नाही, घरून पैसे बंद झाले नाहीत. “रडू आलं नाही काका, कंटाळा आला,” असं तो म्हणाला. मला ते पटलं. लांबलेली पूर्वपरीक्षा १ डिसेंबरला होती, हॉलतिकीट हातात होतं. मी म्हटलं, ती देऊन टाक, नाहीतर जन्मभर ‘ती दिली असती तर’ म्हणशील. त्याने दिली. पुढे काही झालं नाही.

त्यांच्या घरी झालेल्या पहिल्या बैठकीत मी त्याला एका कागदावर पुण्याचा खर्च लिहायला लावला. खोली २,५००, मेस ३,०००, अभ्यासिका १,२००, बाकी फॉर्म, झेरॉक्स, चहा मिळून १,३००. महिन्याला आठ हजार. कोरोनात गावी होता ते अकरा महिने वजा केले तर ७५ महिने. सहा लाख रुपये. मित्र म्हणाला, “अरे, हे कशाला काढतो आता? लेकराला वाईट वाटतंय.” वाईट वाटावं म्हणून काढलं नव्हतं. बारा लाखांचा आकडा ज्याला सहज तोंडातून निघतो, त्याने सहा लाख कसे जातात ते एकदा स्वतःच्या अक्षरात बघावं, एवढंच मनात होतं. थोरला तेव्हा दारात उभा होता. त्याने तो कागद घेतला, वाचला आणि काही न बोलता परत ठेवला. त्या घरात या विषयावर पहिल्यांदाच एवढं उघड बोलणं झालं असावं.

बारा लाखांचं गणित

रिपोर्ट असा होता: तालुक्याच्या ठिकाणी रस्त्यावरच्या गाळ्याची अनामत दीड लाख, रॅक-काउंटर सव्वा लाख, संगणक-बोर्ड-परवाने पन्नास हजार आणि माल पावणेनऊ लाखांचा. पैसे? नऊ लाख बँक, तीन लाख घरचे. घरचे म्हणजे आईचं चार तोळे सोनं आणि थोरल्याने ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम. वर्षाची विक्री साठ लाख, सुटणार आठ टक्के, म्हणजे चार लाख ऐंशी हजार नफा. महिन्याला चाळीस हजार. एमपीएससीतून लागणाऱ्या पगाराच्या जवळपास. हा आकडा कुठून आला ते मला तिथेच कळलं.

मी एकच विचारलं: “माल पावणेनऊ लाखांचा आणि विक्री साठ लाखांची, म्हणजे तोच पैसा वर्षात सात वेळा फिरायला हवा. उधारी किती धरलीस?” धरलीच नव्हती.

आमच्याकडे कृषी केंद्राचा धंदा दोन खेपांचा. मे-जूनला सोयाबीन, तूर, खत, ऑक्टोबर-नोव्हेंबरला हरभरा. मध्ये फवारणी. शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो सोयाबीन निघाल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीला. मग जूनला निम्मा माल उधारीवर गेला असं धरा. पावणेनऊ लाखांचा माल साडेनऊ लाखांना विकला, त्यातले पावणेपाच हातात आले. त्याचा पुन्हा माल भरला, पुन्हा निम्मा उधार. असं करत दिवाळीपर्यंत कितीही फिरवलं तरी विक्री वीस लाखांच्या फार पुढे जात नाही, कारण पैसा वहीत अडकलेला असतो. दिवाळीला सगळी वसुली आली असं समजून रब्बीला तेवढाच धंदा धरला, तरी वर्षाचे चाळीस. त्यावर आठ टक्के, तीन लाख वीस हजार. आता गाळ्याचं भाडं महिना आठ हजारांनी ९६ हजार, हाताखालच्या पोराला नऊ हजारांनी एक लाख आठ हजार, नऊ लाखांचं व्याज अकरा टक्क्यांनी ९९ हजार, लाइट-प्रवास-चहापाणी २४ हजार. झाले तीन लाख सत्तावीस हजार. मालक फुकट राबला आणि वर सात हजार घालून बसला. आणि यात एकही रुपया बुडालेला नाही. वीस लाखांच्या उधारीतले पाच टक्के बुडाले तर लाख गेले.

धाकटा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “पण अनुदान आहे ना.”

या शब्दाने आमच्या भागात फार पोरं फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगार योजनेत खुल्या गटातल्या माणसाला ग्रामीण भागात २५ टक्के, शहरी भागात १५ टक्के अनुदान आहे. पण ते हातात पडत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहतं आणि धंदा चालू असला तरच कर्जात जमा होतं. कृषी पदवीधरांसाठी २००२ पासून अ‍ॅग्री-क्लिनिक योजना आहे. ४५ दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण आणि कर्जाला ३६ टक्के अनुदान, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के. तेही मागाहूनच. महामंडळांचा व्याज परतावा? आधी भरायचं, मग मिळायचं. तीन वर्षं तग धरणाऱ्याला या सगळ्याचा उपयोग आहे. अनुदानावर पहिला मोसम निघत नाही. एजंट हे सांगत नाही, कारण त्याचे टक्के मंजुरीलाच वसूल होतात.

सिबिल आणि बापाचा सातबारा

नोकरी असो की दुकान, कागद आधी साफ हवेत. नोकरीच्या तयारीत हे कुणी धरत नाही, पण फायनान्स कंपन्या आणि काही खाजगी बँका माणूस घेतानासुद्धा सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद आणि तिचे गुण, बघतात. वर्षातून एकदा प्रत्येक पत कंपनीकडून पूर्ण अहवाल फुकट मिळतो. अशा चार कंपन्या आहेत. धाकट्याने आयुष्यात तो पाहिला नव्हता. गुण निघाले ६४१, कमीच.

कारण मोबाइल. २०१९ मध्ये हप्त्यावर घेतलेला. मार्च २०२० ला पुणं बंद पडलं, हा गावी आला, खात्यात पैसे नाहीत, शेवटचे दोन हप्ते परत गेले. तेव्हा मार्च ते ऑगस्ट हप्ते लांबवायची सवलत होती, पण ती मागावी लागते हे त्याला ठाऊक नव्हतं. दंड-व्याज धरून ३,८७० रुपये दिसत होते. वसुलीवाल्याने फोनवर सांगितलं, अडीच हजार भरा, सेटल करतो. तेराशे सत्तर रुपये वाचतात म्हणून हा तयार. मी म्हटलं, पूर्ण भर. अहवालात ‘सेटल्ड’ राहिलं की पुढचा प्रत्येक मॅनेजर त्या शब्दावर बोट ठेवणार. ‘क्लोज्ड’ला कुणी विचारत नाही. भरले, ना-देय दाखला मेलवर मागवून घेतला. जानेवारी २०२५ पासून बँका पंधरवड्याला माहिती पाठवू लागल्या होत्या, त्यामुळे फेब्रुवारीच्या अखेरीस नोंद बदललेली दिसली.

बापाचं प्रकरण जास्त अवघड होतं. जामीनदार तोच, आणि त्याचं पीककर्ज दोन वर्षं थकलेलं. पैसे नव्हते असं नाही. माफी येणार म्हणून गावात कुणी भरतच नव्हतं, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेच्या निवडणुकीत तर माफीचंच बोलणं सगळीकडे. मित्राला मी म्हणालो, “तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर व्याज शून्य पडतं. थकवून तू ते घालवलंस, आणि वर पोराच्या कर्जाला तुझी सही चालत नाही.” तो म्हणाला, “सगळे भरतील तेव्हा मी भरीन.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मार्चमध्ये त्याने नवं-जुनं, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलणं, करून घेतलं, ते माझ्यामुळे नाही, वहिनींनी सोन्याचा डबा कपाटातून काढून त्याच्यासमोर ठेवला म्हणून.

आण्णांचं दुकान

डिसेंबरपासून धाकट्याला मी एका ओळखीच्या कृषी केंद्रात बसवला. पगार नाही, बाजाराच्या दिवशी आणि शनिवारी. दुकानदाराला सगळे आण्णा म्हणतात. शिक्षण दहावी, धंदा २६ वर्षांचा. बिगर-पदवीधर दुकानदारांसाठीचा तो आठवड्यातून एक दिवसाचा वर्षभराचा डिप्लोमा त्यांनी पन्नाशीनंतर केला, आणि त्याचं प्रमाणपत्र परवान्यांच्या शेजारी फ्रेम करून लावलंय. परवाने तीन: बियाण्याचा वेगळा, खताचा वेगळा, कीटकनाशकाचा वेगळा. ज्या कंपनीचा माल ठेवायचा तिचं उगम प्रमाणपत्र त्यात चढवून घ्यायचं. हे धाकट्याला पुस्तकातून माहीत होतं. १९८३ चा बियाणे आदेश, १९८५ चा खत आदेश, १९६८ चा कीटकनाशक कायदा, कलमांसकट.

दुसऱ्या शनिवारी एक शेतकरी हरभऱ्याचं डहाळं घेऊन आला. घाट्याला भोक. “याला काय मारू?” आण्णा आत होते. धाकटा पुढे झाला आणि आर्थिक नुकसानीची पातळी समजावू लागला: मीटरभर ओळीत अळ्या किती दिसतात, कामगंध सापळ्यात पतंग किती सापडले. शेतकऱ्याने अर्धा मिनिट ऐकलं आणि काउंटरच्या पलीकडच्या पोराकडे वळला. आठवी नापास पोराने दोन प्रश्न विचारले: “किती पंप पडतेत? मागं काय मारलतं?” आणि पुडी काढून दिली. मागच्या वेळचंच औषध परत दिलं नाही, हे धाकट्याच्या लक्षात आलं. तो मला रात्री फोनवर म्हणाला, “काका, त्याचं बरोबर होतं. पण त्याला का बरोबर ते माहीत नव्हतं, आणि मला का ते माहीत होतं, पण बोलता आलं नाही.” त्या दिवसापासून तो पोराशेजारी स्टुलावर बसू लागला, आणि विचारायचे प्रश्न वहीत उतरवू लागला.

आण्णांकडे त्याने तीन गोष्टी पाहिल्या, ज्या रिपोर्टात नव्हत्या.

एक, युरिया. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, भाव सरकारचा. अंगठा घेऊन मशीनवर विकायची. सुटतात गोणीमागे पंधराएक रुपये आणि त्यातून हमाली. शिवाय वरून लिंकिंग: युरिया हवा तर हे विद्राव्य खत घ्या, हे टॉनिक घ्या. युरिया-डीएपी नसेल तर गिऱ्हाईक दुकानात पाऊल ठेवत नाही, आणि असेल तर त्यात सुटत काही नाही. सुटतं ते औषधांत.

दोन, बियाणं उगवलं नाही तर. २०२० च्या खरिपात सोयाबीनच्या उगवणीच्या तक्रारींनी मराठवाड्यात कहर झाला होता. आण्णा सांगत होते, तेव्हा कंपनीचा माणूस फोन उचलत नव्हता आणि शेतकरी सकाळी सहाला दुकानाच्या पायरीवर बसलेला असायचा. कंपनीचं पाकीट, कंपनीची जाहिरात, तोंड मात्र दुकानदाराचं.

तीन, वही. लाल कापडाची लांबोडी. नाव, गाव, माल, रक्कम आणि शेवटच्या रकान्यात तारखेऐवजी शब्द: ‘सोयाबीनवर’, ‘हरभऱ्यावर’, ‘उसाच्या बिलावर’. एका पानावर नुसतं ‘लेकीच्या लग्नानंतर’. धाकट्याने विचारलं, “आण्णा, हे तर आधीच खर्चात पडलेत, नंतर कुठून देतील?” आण्णा म्हणाले, “देतेत. आहेराला मीच जाऊन येतो, मग कसं नाही देत?” आणि मग एक वाक्य बोलले, ते धाकट्याने तसंच उतरवून घेतलंय: “दुकान स्वतःच्या गावात टाकू नको. भावकीला नाही म्हणता येत नाही, आणि भावकी हो म्हणत नाही.”

फेब्रुवारीत त्याने स्वतःच फोल्डर माझ्याकडे ठेवून दिलं. म्हणाला, “एक खरीप दुसऱ्याच्या पैशावर बघतो.” नोकरीचा निर्णय असा झाला. मला विचाराल तर नोकरी की धंदा हा वाद इथेच मिटला होता. एक दुसऱ्याची तयारी असू शकते.

बायोडाटा

त्याचा पहिला बायोडाटा दोन पानांचा. वर उद्दिष्ट म्हणून इंग्रजीतली चार ओळींची रांगोळी, खाली छंद: वाचन, क्रिकेट. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, ‘वरील माहिती सत्य आहे’. मध्ये २०१७ ते २०२४ कोरं. सात वर्षं जणू तो कुठे नव्हताच.

कोरी जागा बघून मुलाखत घेणारा काय काय मनात आणतो ते मी पाहिलंय, म्हणून तिथे सरळ ओळ घातली: राज्यसेवा व कृषी सेवा परीक्षांची पूर्णवेळ तयारी, दोन वेळा मुख्य परीक्षेस पात्र, ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबवली. ‘थांबवली’ हा शब्द त्याला नको होता. मी आग्रह धरला. कंपनीला भीती एकच असते, हा जाहिरात निघाली की पळणार.

मग मी विचारलं, शेवटच्या वर्षात रावे केलंस का? ग्रामीण कृषी कार्यानुभव, गावात राहून करायचा, प्रत्येक ॲग्रीवाल्याने केलेला असतो. “हो, पण ते काय लिहायचं, सगळेच करतात.” त्यात त्याने काय केलं होतं? बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिकं, माती नमुने, आणि गावातल्या तीस शेतकऱ्यांच्या पिकांची नोंद. लिहिलं. दुचाकीचा परवाना? होता, लिहिला नव्हता. आण्णांकडचे तीन महिने? “पगार नव्हता ना.” लिहिले.

शेवटी भाषा. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन. मी सहज विचारलं, आजोळ कुठलं रे तुझं? भालकीकडचं. मग कानडी येतं का? “घरात आईशी बोलतो की.” निलंगा तालुक्याला लागूनच कर्नाटक आहे, औराद शहाजानीच्या बाजारात दोन्ही भाषा चालतात, आणि या पठ्ठ्याने कानडी लिहिलं नव्हतं. का, तर त्यात प्रमाणपत्र नाही! परीक्षेच्या अभ्यासाने माणसाला जी खोड लागते ती ही. ज्याचा दाखला नाही, ते आपल्याला येतच नाही असं वाटू लागतं.

तीन मुलाखती

पहिली माझ्यामुळे वाया गेली. लातूरच्या एका वितरकाकडे मी शब्द टाकला होता. काकांची ओळख आहे म्हणून हा तयारी न करता गेला, आणि मालकानेही ओळखीचा म्हणून काही न विचारता “कळवतो” म्हणून वाटेला लावलं. कळवलं नाही. वशिल्याने दार उघडतं हे खरं, पण आत काय बोलायचं याचा विचारही वशिल्यावरच सोडला जातो. यात चूक माझीच जास्त.

दुसरी जालन्याला, एका बियाणे कंपनीत. प्रश्न आला: तुमच्या तालुक्यात सोयाबीनचे कोणते वाण चालतात? याने जेएस ३३५, एमएयूएस ७१, फुले संगम अशी यादी म्हटली, वैशिष्ट्यांसकट. पुढचा प्रश्न: मागच्या वर्षी कोणता जास्त विकला गेला आणि का? गप्प. बसने परत येताना त्याने आण्णांना फोन करून ते विचारलं. नोकरी गेली, पण प्रश्न कळला, असं तो म्हणाला. त्यानंतरचे पंधरा दिवस तो मोटरसायकलवर दुकानादुकानांतून हेच विचारत हिंडला.

तिसरी एप्रिलमध्ये, पीकसंरक्षणाच्या एका कंपनीसाठी, भरती मात्र ठेकेदारामार्फत. साहेबाने बायोडाट्यावर बोट ठेवलं ते कानडीवर. निलंगा, औराद आणि पलीकडची भालकीची बाजू एकाच माणसाने बघावी असं त्यांना हवं होतं. त्यांनी तिथेच फोन लावून भालकीच्या एका दुकानदाराशी बोलायला दिलं. पाच मिनिटं बोलला. काम झालं.

पत्र आलं तेव्हा ते आम्ही दोघांनी ओळ न् ओळ वाचलं. हातात १६,५००, पेट्रोल किलोमीटरला तीन रुपये. नेमणूक ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे हंगामी. नोकरी देणारा म्हणून नाव ठेकेदाराचं, कंपनीचं नाही. त्याला ते लागलं. “सात वर्षं अधिकारी व्हायला गेलो आणि कंत्राटी फील्डमन झालो.” मी म्हटलं, भविष्य निर्वाह निधी कापतात का ते विचार, खाते क्रमांक मागून घे, आणि ३१ ऑक्टोबर ही तारीख आपल्या सोयीची आहे. तोवर सोयाबीन निघालेलं असतं. ज्यासाठी जातोयस ते सगळं बघून होईल.

खरीप २०२५

त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. हा रुजू होऊन तीन आठवडे झाले होते. वाट्याला ४३ दुकानं आणि साठेक गावं. सकाळी शेतावर प्रात्यक्षिक, दुपारी दुकानात माल किती उरला ते मोजणं, संध्याकाळी ठेकेदाराच्या अ‍ॅपवर फोटो. आतली भाषा कळू लागली. कंपनी मार्चअखेरीला दुकानदाराच्या गोदामात माल ढकलते आणि आपली विक्री झाली म्हणते. तो माल शेतकऱ्यापर्यंत जाणं हे याचं काम. आगाऊ बुकिंगला सूट जास्त, म्हणून दुकानदार फेब्रुवारीतच पैसे अडकवतो. सहलीच्या स्कीमसाठी नको तेवढा उचलतो. रिपोर्टात ‘माल पावणेनऊ लाख’ ही एक ओळ होती. तिच्या पोटात एवढं सगळं.

कंपनीच्या अ‍ॅपबरोबर त्याने आपली एक वही ठेवली. प्रत्येक दुकानाची रोख किती, उधार किती. दुसऱ्या बाजूला शेतकऱ्यांची नावं: कोण सांगितलेलं ऐकतो, कोण दोन औषधं एकत्र करून मारतो आणि नंतर भांडतो, कोण रोख देतो. चक्रीभुंग्याने पान कसं सुकतं ते आता तो शेतात उभा राहून कानडीत सांगतो, आणि पहिला प्रश्न विचारतो, किती पंप पडतात.

सप्टेंबरात मराठवाडा बुडाला. मांजरा-तेरणेच्या काठची शेतं दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली, जे पाण्याबाहेर होतं त्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. हमीभाव ५,३२८ जाहीर झालेला, पण काळ्या पडलेल्या दाण्याला तो कोण देणार? दिवाळीनंतर आम्ही दोघं आण्णांकडे गेलो. वही उघडीच होती. चौदा लाखांच्या उधारीतले पाच आले होते. पानोपानी ‘सोयाबीनवर’ हा शब्द लाल शाईने खोडून वर ‘हरभऱ्यावर’ लिहिलेलं. आण्णा जुने, त्यांची कॅश क्रेडिट मर्यादा मोठी, कंपन्यांकडे पत, ते एक वर्ष ओढून नेतील. धाकट्याने त्या पानांवरून बराच वेळ बोट फिरवलं. नऊ लाखांचं कर्ज आणि वर आईचं सोनं, या हिशोबात तो जूनमध्ये शटर उघडणार होता. त्याबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही.

३१ ऑक्टोबरला नेमणूक संपली. कंपनीने रब्बीसाठी वाढवली, पगार हजाराने जास्त. ती त्याने घेतली, आणि अ‍ॅग्री-क्लिनिकच्या प्रशिक्षणाला अर्ज केला. मार्चनंतरची बॅच मिळावी अशी खटपट चालू आहे.

परवा नवा कागद घेऊन आला. या वेळी फोल्डर नाही, एकच पान, स्वतःच्या अक्षरात. जागा तालुक्याला नाही, सीमेवरच्या एका बाजारगावात, त्याच्या गावापासून चौदा किलोमीटर. भाडं अडीच हजार. एकूण तीन लाख चाळीस हजार, त्यातले पगारातून साठलेले ५८ हजार त्याचे. खत ठेवायचं नाही. पहिलं वर्ष फक्त औषधं आणि थोडं बियाणं, नोकरी सोडायची ती दुकान सहा महिने चालल्यावर, तोवर शटर थोरल्याने दुपारी उघडायचं. शेतकरी युरियाला आण्णांकडे जाणार आणि औषधही तिथूनच घेणार, ही अडचण मी काढली. त्याने डोकं खाजवलं. “बघू,” म्हणाला. त्याचं उत्तर त्याच्याकडे नाही. पण प्रश्न माझ्या आधीच पानाच्या कडेला पेन्सिलने लिहिलेला होता.

सगळ्यात खाली एक ओळ: ‘उधारी: फक्त वीस घरं, नावं मागे.’ मी पान उलटलं. वीस नावं, गावासकट, आणि प्रत्येकासमोर मागच्या खरिपात कुणाकडून किती उचललं आणि कधी दिलं त्याची नोंद. यादीत थोरल्याचं नाव नव्हतं. सात एकर सोयाबीन त्याचंच, औषध तो कुठून घेणार?

“दादा रोख देतो म्हणालाय,” धाकटा म्हणाला. मग जरा थांबून, “पण वहिनीला विचारून पक्कं सांगतो म्हणाला.”